शिकागोतील दिवाळखोरांची यादी महापालिकेत मिळत नाही

‘दिवाळखोरी जाहीर केलेल्या शिकागोवासीयांची यादी तिथली महापालिका देते’ हा सध्या फिरणारा मजकूर चुकीचा आहे. अमेरिकेत दिवाळखोरीचे अर्ज संघीय न्यायालयातच दाखल होतात आणि शिकागोसाठी ते म्हणजे इलिनॉयच्या उत्तर जिल्ह्याचे दिवाळखोरी न्यायालय. तिथल्या नोंदी ‘पेसर’ या न्यायालयीन संकेतस्थळावर खाते उघडून नावाने किंवा प्रकरण क्रमांकाने शोधता येतात. शहराचे नाव टाकून सरसकट यादी काढण्याची सोय नाही, आणि ती नसलेलीच बरी. शुल्क पानाला १० सेंट असले, तरी तिमाहीचे बिल ३० डॉलर किंवा त्याहून कमी असल्यास माफ होते. न्यायालयाच्या कार्यालयातील संगणकावर तर नोंदी फुकट पाहता येतात. नुसत्या नामसाधर्म्यावर मात्र विसंबू नये. पत्ता आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे (अमेरिकी सरकारने व्यक्तीला दिलेल्या क्रमांकाचे) शेवटचे चार अंक जुळतात का, हे पाहावे.