जुनी टेलिफोटो लेन्स आणि अडॉप्टरचा एक मिलिमीटर

‘एम ४२ आट्यांची (४२ मिमी व्यासाच्या आट्यांनी फिरवून बसवायची) २०० मिमीची जुनी लेन्स दोन-तीन हजारांत घ्या, साधा अडॉप्टर (लेन्स आणि कॅमेरा जोडणारे कडे) लावा, ती कोणत्याही कॅमेऱ्यावर चालते, क्रॉप सेन्सरवर (म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरवर) ३०० मिमीची होते आणि आत थोडी बुरशी असली तरी फोटोत दिसत नाही’ हा सल्ला दापोली-रत्नागिरीकडच्या हौशी पक्षी-छायाचित्रकारांत सारखा फिरतो आहे. अशी लेन्स मी स्वतः आवडीने वापरतो, आणि म्हणूनच तो सल्ला दुरुस्त न करता पुढे जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

‘कोणत्याही कॅमेऱ्यावर’ हे शब्द सर्वांत फसवे आहेत. एम ४२ लेन्सची बैठक सेन्सरपासून ४५.४६ मिमीवर असावी लागते. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) हे अंतर मुळातच ४६.५ मिमी असल्यामुळे अडॉप्टर कितीही पातळ असला तरी लेन्स किमान एक मिमी पुढेच राहते, आणि २०० मिमीच्या लेन्सला तेवढ्याने साधारण ४० मीटरपलीकडे फोकस होत नाही (२०० चा वर्ग भागिले तो वाढलेला मिलिमीटर, असा हा ढोबळ हिशेब आहे). माझी पहिली लेन्स अशीच निघाली. हर्णैच्या पुळणीवर समोर बसलेल्या कुरवाचे पीस न् पीस दिसत होते, आणि मागचा सुवर्णदुर्ग मात्र फोकसचे कडे शेवटपर्यंत फिरवूनही नुसता करडा डाग राहत होता. पुढे फोकसच्या कड्याचा अडसर सरकवून ते इन्फिनिटीच्या (अनंत अंतराच्या) खुणेपलीकडे फिरेल अशी सुधारणा करून घेतली, तेव्हा कुठे तटाचे दगड सुटे दिसू लागले. काच बसवलेल्या अडॉप्टरनेही लांबचा फोकस मिळतो, पण स्वस्तातली ती काच चित्र मऊ करते. कॅननच्या डीएसएलआरमध्ये हे अंतर ४४ मिमी आणि सोनीच्या मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) १८ मिमी असल्याने तिथे अडचण येत नाही. तरीही अडॉप्टर हव्यापेक्षा ०.१ मिमी जाड निघाला तर फोकस ४०० मीटरवरच थांबतो.

क्रॉप सेन्सरने लेन्स ३०० मिमीची होत नाही, फक्त चौकट अरुंद होते. १०० मीटरवरच्या सुरूच्या झाडावर बसलेला ७० सेंमीचा समुद्री गरुड २०० मिमीच्या लेन्समधून सेन्सरवर १.४ मिमीचाच उमटतो, मग सेन्सर कोणताही असो. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर ते जेमतेम साडेतीनशे पिक्सेल होतात.

बुरशीबद्दलचे म्हणणे अर्धे खरे आहे. सूर्य पाठीशी असताना बारीक जाळे फोटोत खरोखर जाणवत नाही, परंतु संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून उडत्या पक्ष्याचा फोटो घेताना तेच जाळे प्रकाश विखुरते आणि काळा रंग राखाडी होतो. शिवाय आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात ती बुरशी थांबत नाही. काचेवरचा लेप ती एकदा खाऊ लागली की सफाईनंतरही डाग राहतात. म्हणून विकत घेण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च धरून आत पाहावे, आणि शक्य असेल तर सकाळी, वाळू तापून हवा थरथरू लागण्याआधी, ट्रायपॉडवरून लांबच्या दीपगृहाचे फोटो एफ ४ आणि एफ ८ अशा दोन्ही अॅपर्चरवर (लेन्सचे तोंड मोठे आणि लहान ठेवून) घ्यावेत. एफ ४ वर पांढऱ्या कडांना जांभळी झालर येईल, एफ ८ वर ती बरीच कमी होईल. मात्र दोन्हींत दीपगृह पुसटच राहिले, तर आधी तपासायचा तो अडॉप्टर.