‘लॅपटॉपला सिरियल पोर्ट कशाला?’ म्हणणाऱ्या पोस्टला मुद्देसूद उत्तर

गेले काही दिवस एक पोस्ट सगळीकडे फिरतीये, ऑटोमेशनवाल्यांच्या ग्रुपवर तर परत परत येतीये. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सिरियल पोर्ट (मशीनशी एकेक बिट पाठवत बोलायचं जुनं भोक) कधीच मेला, आता सगळ्या मशीन वायफाय नाहीतर इथरनेटवर आल्यात, सेकंदाला ९६०० बिटच्या स्पीडला आजच्या काळात काही अर्थ नाही, अगदी लागलाच तर २०० रुपयांचा यूएसबी अडॅप्टर घ्या, विषय संपला, आणि लॅपटॉपला दोन दोन, चार चार पोर्ट लावून फिरणारे लोक म्हणजे नुसती हौस. खाली हसणाऱ्या इमोजींचा पाऊस. लिहिणाऱ्याच्या टेबलावर खरंच गरज नसेल, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण त्यानं सगळ्यांच्या वतीनं निकाल देऊन टाकलाय म्हणून हा खटाटोप.

‘सिरियल मेलाय.’ म्हातारा झालाय हे मान्य. आरएस-२३२ हे सिरियलच्या वायरिंगचं आणि सिग्नलचं स्टँडर्ड १९६० चं, मॉडबस ही मशीनची बोलायची भाषा १९७९ ची, आणि आपण ज्याला डीबी-९ म्हणतो तो नऊ पिनांचा कनेक्टर आयबीएमच्या एटी कॉम्प्युटरबरोबर १९८४ ला रुळला. पण मेला म्हणायच्या आधी जरा चाकण-भोसरीला एखाद्या जॉबवर्कवाल्याच्या शेडमध्ये डोकावून बघा की, वीस वर्षं जुनी व्हीएमसी (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारी, म्हणजे सीएनसी, मिलिंग मशीन) अजून दोन शिफ्ट चालतीये आणि तिच्यात प्रोग्रॅम जातो तो आरएस-२३२ मधूनच, मालक काय केवळ पोर्ट जुना झाला म्हणून मशीन भंगारात काढणारे का? साखर कारखान्याच्या यार्डातला वजनकाटा, पॅनेलमधले एनर्जी मीटर, व्हीएफडी (मोटरचा स्पीड बदलणारा ड्राइव्ह), यूपीएस, कुठंही जा, २३२ नाहीतर त्याचाच लांब पल्ल्याचा भाऊ आरएस-४८५ निघतंच. आणि नवीन मशीनचं म्हणाल तर सेटिंग करता येणाऱ्या बहुतेक नेटवर्क स्विचला आजही कन्सोल पोर्ट (थेट केबल लावून सेटिंग करायचा सिरियल पोर्ट) असतो, कारण आयपी चुकला किंवा कॉन्फिगरेशन बिघडलं की नेटवर्कवरून आत शिरायची वाटच बंद होते आणि मग ती निळी कन्सोल केबलच कामी येते.

आता ‘जास्तीचे पोर्ट म्हणजे हौस’ हा मुद्दा. मला खरं बोलायचंय ते यावरच, कारण इथं पोस्टवाल्याला कामच माहीत नाही असं स्पष्ट दिसतं.

गावातलं दूध संकलन केंद्र घ्या. टेबलावर इलेक्ट्रॉनिक काटा, शेजारी दुधातलं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) सांगणारं मशीन, बाहेरच्या बाजूला शेतकऱ्याला आपलं वजन आणि दर दिसावा म्हणून लावलेला डिस्प्ले, आणि पावतीचा प्रिंटर. बऱ्याच ठिकाणी यातली तीन तर सिरियलवर असतातच, प्रिंटर जुना असेल तर चारही. आणि मध्ये लॅपटॉप, डेस्कटॉप नाही, कारण पहाटे लाइट गेली तरी बॅटरीवर संकलन चालू राहिलं पाहिजे, बाहेर कॅन घेऊन लाइन लागलेली असते. आरएस-२३२ म्हणजे एका पोर्टला एकच मशीन, त्यामुळं तीन मशीन एकाच वेळी बोलायच्या तर पोर्ट तीन लागतात, यात हौसेचा काय संबंध?

दुसरा उपयोग अजून महत्त्वाचा, तो म्हणजे दोन मशीनचं बोलणं चोरून ऐकणं. एका केंद्रावर तक्रार होती की अधूनमधून आधीच्या शेतकऱ्याचं वजन पुढच्याच्या नावावर पडतंय. काट्यावाला म्हणे सॉफ्टवेअर चुकतंय, सॉफ्टवेअरवाला म्हणे काटा चुकतोय, आणि सचिव बिचारा दोघांच्या मध्ये शिव्या खातोय. अशा वेळी लॅपटॉपला दोन पोर्ट लागतात, दोनच. काट्याची डेटा पाठवायची वायर आपल्या पहिल्या पोर्टच्या पिन २ ला (ऐकायची पिन), कॉम्प्युटरची पाठवायची वायर दुसऱ्या पोर्टच्या पिन २ ला, पिन ५ ग्राउंड कॉमन, आणि आपली बोलायची पिन ३ दोन्हीकडे मोकळी ठेवायची म्हणजे आपण मध्ये काही बडबडत नाही. एका पोर्टनं हे होत नाही कारण त्याला ऐकायची पिनच एक असते. मग दोन्ही बाजूंचं बोलणं वेळेसकट लॉग करायचं. त्यात सरळ दिसलं: सॉफ्टवेअर वजन मागतं, काट्याला कधीकधी उत्तर द्यायला उशीर होतो, सॉफ्टवेअर वाट बघून परत मागतं, मग काटा इमानदारीत दोन उत्तरं देतो, सॉफ्टवेअर पहिलं उचलतं आणि दुसरं तसंच बफरमध्ये (आलेला डेटा साठवायच्या जागेत) पडून राहतं, पुढचा शेतकरी आला की तेच उचललं जातं. काटाही बरोबर होता आणि मागणंही बरोबर होतं, फक्त नवीन वजन मागायच्या आधी बफर रिकामा करायची एक ओळ राहिली होती. हे एका पोर्टवर बसून वर्षभर भांडलात तरी सापडणार नाही.

तिसरं, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी: दोन पोर्ट एकमेकांना नल मोडेम केबलनं (जिच्यात पाठवायची आणि ऐकायची वायर उलटसुलट असते) जोडा, एकीकडे तुमचा प्रोग्रॅम आणि दुसरीकडे खोटा काटा (काट्यासारखी उत्तरं देणारा प्रोग्रॅम), म्हणजे मशीन ताब्यात नसताना घरी बसून टेस्टिंग होतं. सॉफ्टवेअरनं बनवलेल्या व्हर्च्युअल पोर्टवरही होतं म्हणा, पण केबल निघाली, पिन ढिली झाली असले प्रकार तिथं कळत नाहीत.

‘९६०० स्लो आहे.’ हो, स्लोच आहे. ९६०० बॉडला सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जातात. काटा एका वेळी पाठवतो दहा-पंधरा अक्षरं. झालं, पुढं. आणि अंतराचं कोण बघणार? साध्या यूएसबी केबलची मजल पाच मीटर, आरएस-२३२ ची ढोबळ मानानं पंधरा, आणि आरएस-४८५ कमी स्पीडला १२०० मीटरपर्यंत जातं. गेटवरच्या काट्यापासून ऑफिसपर्यंत यूएसबी ओढून दाखवा मग बोलू.

आता तो २०० रुपयांचा अडॅप्टर. इथं पोस्टवाला अर्धा बरोबर आहे, स्विचचं कॉन्फिगरेशन करायला किंवा मॉडबस मीटर वाचायला अडॅप्टर मस्त चालतो, मीही वापरतो. पण ‘विषय संपला’ नाही, उलट तिथूनच सुरू होतो. पहिली कटकट कॉम नंबरची, म्हणजे विंडोज प्रत्येक सिरियल पोर्टला देतं त्या नंबरची. स्वस्तातल्या सीएच३४० चिपवाल्या अडॅप्टरमध्ये बहुतेक वेळा स्वतःचा सिरियल नंबर नसतो, त्यामुळं विंडोज त्याला यूएसबीच्या भोकावरून ओळखतं, सचिवानं लॅपटॉप घरी नेला आणि सकाळी दुसऱ्या भोकात लावला की कॉम ५ चा कॉम ९ होतो आणि ‘साहेब मशीन बंद पडलंय’ म्हणून फोन. दोन सारखेच अडॅप्टर असतील आणि जागा बदलली तर काट्याच्या पोर्टवर फॅट मशीन, मग तर मजाच. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कॉम १ ते ४ एवढाच पर्याय असतो ते वेगळंच. डॉसमधली काही पीएलसीची (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरची) सॉफ्टवेअर थेट हार्डवेअरच्या पत्त्यावर जाऊन बोलतात, तिथं यूएसबी अडॅप्टर त्यांना दिसतच नाही.

दुसरी कटकट नकली चिपची. २०१४ ला एफटीडीआय या चिप कंपनीच्या ड्रायव्हरनं नकली चिपांचा ओळख नंबर शून्य करून टाकला होता, विंडोज अपडेटमधून, लोकांचे चालू अडॅप्टर एका रात्रीत मुके झाले, बोंबाबोंब झाल्यावर तो ड्रायव्हर मागं घेतला. प्रॉलिफिक या दुसऱ्या चिप कंपनीचे नवे ड्रायव्हर जुन्या आणि नकली पीएल२३०३ चिपला कोड १० हा एरर दाखवून गप्प बसवतात. साइटवर, इंटरनेट नाही अशा जागी, हे झालं की २०० रुपये फार महाग पडतात.

तिसरी, व्होल्टेजची. काही छोटे कन्व्हर्टर पोर्टच्या डीटीआर-आरटीएस या सिग्नल लाइनवरूनच पॉवर घेतात, हलक्या अडॅप्टरला ते झेपत नाही. आणि सीएनसीला जोडताना तर सरळ आयसोलेशनवालाच (दोन्हीकडची वीज वेगळी ठेवणारा) घ्या, लॅपटॉपचा चार्जर आणि मशीन यांच्या अर्थिंगमध्ये फरक असला की पोर्ट उडतो, तो लॅपटॉपचा उडाला तर नशीब, सीएनसीच्या कार्डाचा उडाला तर मालक दारात उभा करणार नाही. केबल लावताना काढताना दोन्ही बंद ठेवायचं हे तर आहेच.

मग करायचं काय? कायम एकाच जागी बसवायचं असेल तर सिरियल-टू-इथरनेट डबा लावा, इथं पोस्टवाल्याशी एकमत. हिंडायचं असेल तर चार पोर्टचा एकच यूएसबी डबा, एफटीडीआयच्या एफटी४२३२एच सारख्या चिपवाला, चार सुटे अडॅप्टर लोंबकळवण्यापेक्षा बरा, नंबर एकत्र राहतात आणि प्रत्येक भोकावर ‘काटा’, ‘फॅट’, ‘डिस्प्ले’ असं स्टिकर लावता येतं. एक्सप्रेसकार्डचा (जादा कार्ड घालायचा) खाचा असलेला जुना लॅपटॉप घरात पडला असेल तर विकू नका, त्यात खऱ्या पोर्टचं कार्ड बसतं, फक्त घेताना बघून घ्या कारण काही कार्डांच्या आत पण यूएसबीचीच चिप असते. बजेट असेल तर टफबुक किंवा गेटॅकसारख्या दणकट लॅपटॉपमध्ये नऊ पिनांचा पोर्ट अजून मिळतो.

आणि केबलबद्दल त्या पोस्टमध्ये एक शब्द नाही, जिथं निम्मा वेळ जातो. बॅगेत एक सरळ केबल, एक नल मोडेम आणि दोन्ही प्रकारचे जेंडर चेंजर (नर-मादी कनेक्टर बदलणारे) ठेवा, बाहेरून दोन्ही केबल सारख्याच दिसतात म्हणून नल मोडेमला लाल टेप गुंडाळा. डेटा येत नसला तर सेटिंग उकरत बसायच्या आधी २ आणि ३ उलटे करून बघा.