नमदा, ट्वीटर आणि 'मनाचा खेळ'

स्वस्त ट्वीटर (स्पीकरमधला उंच, बारीक आवाज काढणारा छोटा भाग) सुधारण्याविषयी मी लिहिलेल्या लेखावर 'एक जुना श्रोता' या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिचा सारांश असा: अडीचशे रुपयांचा ट्वीटर उघडून आत नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाची, चकती चिकटवल्याने आवाज सुधारतो हा "निव्वळ मनाचा खेळ" आहे. कपॅसिटर (ट्वीटरकडे जाड, खालचा आवाज जाऊ न देणारा भाग) आणि नमदा दोन्ही मी एकदमच बदलले, त्यामुळे फरक कशामुळे पडला ते मला कळणं शक्य नाही. मोजमाप दिलेलं नाही. कपॅसिटरचा हिशोब चुकलाय. आणि शेवटी, "असले उपद्व्याप करणाऱ्यांनी निदान दुसऱ्यांना शिकवू नये."

महोदय, हिशोबाबद्दल तुमचं बरोबर आहे. 8 ओहमच्या ट्वीटरला एकटा 4.7 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर छेद, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज ट्वीटरला कमी होत जातो ती सीमा, साधारण 4200 हर्ट्झला येतो, मी 3500 लिहिलं होतं. ते दुरुस्त केलंय. 3500च्या आसपास हवा असेल तर 4 मायक्रोफॅरड आणि ट्वीटरला समांतर अर्ध्या मिलिहेन्रीची कॉइल लावावी. चूक दाखवल्याबद्दल आभार.

पण "उपद्व्याप" हा शब्द मला लागला, आणि तो लागला हे मी लपवणार नाही.

आमचं साताऱ्याला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी बारा वर्षांचा असताना वडिलांनी माझ्याकडे पहिलं काम दिलं ते स्पीकरच्या फटीतला लोखंडाचा कीस काढण्याचं. चिकटपट्टीची घडी घालायची, चिकट बाजू बाहेर ठेवायची, ती चुंबकाच्या फटीत गोल फिरवायची आणि उजेडात धरून बघायची. काळे कण दिसायचे थांबेपर्यंत उठायचं नाही. मग स्पीकरचा कागदी शंकू, म्हणजे कोन, बसवला की वडील दोन्ही अंगठ्यांनी तो अलगद आत दाबायचे आणि कान लावायचे. कोनाला जोडलेली तारेची कॉइल फटीत कुठे घासतेय का, हे त्या एका बारीक खरखरीवरून कळतं. ती खरखर मी आजही पंख्याच्या आवाजात ओळखतो. तुम्ही मला दोन ओळींत शिकवण्याचा अधिकार नाकारलात, म्हणून हे सांगावं लागलं.

आता त्या "मनाच्या खेळा"कडे. रेशमी घुमटाचा ट्वीटर पुढे जेवढा आवाज टाकतो तेवढाच मागेही टाकतो. मागे काय असतं? काही मिलिमीटरवर पोलचा, म्हणजे चुंबकाच्या मधल्या खांबाचा, सपाट लोखंडी माथा. स्वस्त ट्वीटरमध्ये तो बऱ्याचदा उघडाच असतो. आवाज त्यावर आपटतो आणि पातळ घुमटातून परत बाहेर येतो. शिवाय घुमटाखाली कोंडलेल्या हवेला शोषून घेणारं काहीच नसतं, त्यामुळे ट्वीटरचा स्वतःचा अनुनाद (एका ठराविक सुराला जास्तच थरथरणं) मोकाट सुटतो. महागड्या ट्वीटरमध्ये पोलला आरपार भोक पाडतात, मागे लोकर भरलेली वेगळी पोकळी देतात. ते कशासाठी करतात? त्यांच्याही मनाचा खेळ आहे का? आपल्याला घरी पोल कोरता येत नाही, म्हणून आपण दोन मिलिमीटर जाडीची नमद्याची चकती लावतो. त्या महागड्या उपायाची बरोबरी ती करत नाही, आणि करते असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेख पुन्हा वाचा.

चकती पोलच्या काठापासून एक मिलिमीटर आत ठेवा, हेही मी लिहिलं होतं. एक तंतू जरी फटीत गेला तरी कॉइल घासते. ज्याला हे माहीत आहे तो उपद्व्यापी नसतो.

फरक कुठे ऐकू येतो तेही सांगतो. टाळात. भजनाच्या रेकॉर्डिंगमध्ये टाळ पडला की उघड्या ट्वीटरवर प्रत्येक ठोक्याला एकच पत्र्यासारखी किनार येते, ठोका कुठलाही असो. नमदा लावल्यावर दोन टाळकऱ्यांचे टाळ वेगळे कळतात. एकाचा जड आहे, एकाचा पातळ. गाणारीचा 'स' टोचायचा थांबतो. बायकोला मी काहीही सांगितलेलं नव्हतं, तिने स्वयंपाकघरातून विचारलं, "आज आवाज कमी केलास का?" आवाज तेवढाच होता.

मोजमापाबद्दल: माझ्याकडे मोजमापाचा चांगला माइक नाही, आणि हजार रुपयांत स्पीकर बनवणाऱ्या माझ्या बहुतेक वाचकांकडेही नाही. त्यांना त्याशिवाय ऐकू येऊ नये का? दोन गोष्टी एकदम बदलल्या, हे खरं. पण त्यावरून कोणी अख्खा लेख मोडीत काढत असेल तर त्याच्याशी वाद घालण्यात मला रस नाही. अनुनादाजवळ ट्वीटरचा विद्युत रोध 8 ओहम राहत नाही वगैरे जे तुम्ही लिहिलंय ते मला माहीत आहे, नवशिक्यांसाठी लिहिताना सगळंच लिहीत नाही.

परवा पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळून त्याच ट्वीटरच्या आणखी दोन जोड्या आणल्या. चौघांनाही एकसारखा कपॅसिटर, एकसारखी खोकी. एका जोडीत नमदा आहे, दुसरीत नाही. खोक्यांवर फक्त 'अ' आणि 'ब' लिहिलंय. पुण्यात आलात तर या, तुमचीच एखादी टाळांची रेकॉर्डिंग घेऊन या. चहा मी करतो. पण कुठल्या खोक्यात काय आहे, ते तुमचं उत्तर कागदावर लिहून होईपर्यंत सांगणार नाही.