कॅनालेत्तोचं ऊन खोक्यातून आलेलं नाही

अठराव्या शतकातला व्हेनिसचा चित्रकार कॅनालेत्तो याचं चित्र कुणी ऑनलाइन टाकलं की खाली एक शेरा हमखास येतो: ‘हा कॅमेरा ऑब्स्क्युरातून व्हेनिस गिरवायचा. रेघा बिनचूक, प्रकाश कोरडा. हवा बघायची तर गुआर्दी बघा.’ गुआर्दी म्हणजे व्हेनिसचाच दुसरा चित्रकार.

आधी गिरवण्याचं. कॅमेरा ऑब्स्क्युरा म्हणजे समोरचं दृश्य भिंगातून कागदावर पाडणारं अंधारं खोकं; ते त्याने वापरलं असेलही. पण त्याच्याच काळातला व्हेनिसचा कलालेखक झानेत्ती १७७१ साली लिहितो की, या यंत्राने चित्रात शिरणारे दोष ओळखायला कॅनालेत्तोनेच शिकवलं. व्हेनिसच्या अकादेमिया या संग्रहालयात त्याची रेखाटनांची वही आहे. पानापानांवर काठावरच्या घरांच्या रांगा, भिंतींच्या रंगांच्या खुणा. चित्र नंतर, स्टुडिओत जुळायचं.

‘बिनचूक’ हेही अर्धंच खरं. दोन-तीन जागांवरून दिसणारं तो बेलाशक एका चित्रात बसवायचा. आणि हाच माणूस पायऱ्यांवरच्या शेवाळाची हिरवी रेघ मात्र इतकी इमानाने काढतो, की तिच्यावरून संशोधकांनी तेव्हापासून पाणी साधारण ६० सेंटीमीटर वर आल्याचं मोजलं!

राहिला कोरडा प्रकाश. लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं, साधारण १७२५चं पाथरवटांच्या आवाराचं चित्र जरा मोठं करून बघा. डावीकडून सकाळचं ऊन तिरपं उतरतंय. पांढऱ्या दगडांची एक बाजू उजळलेली, दुसरी थंड. मागे कालवा, पलीकडे कारिता चर्चची विटकरी भिंत. खिडकीत कोंबडा; खाली एक पोर धडपडलंय आणि आई हात पसरून धावतेय. त्यांच्यावरचं ऊन कुठलं खोकं गिरवणार? १७२५ सालीच मार्केसिनी नावाच्या चित्रकाराने लुक्काच्या एका संग्राहकाला कळवलं होतं की, कॅनालेत्तोच्या चित्रात सूर्य चमकताना दिसतो. शिफारस होती व्हेनिसची दृश्यं रंगवणाऱ्या जुन्या कार्लेव्हारिसऐवजी कॅनालेत्तो घ्या अशी, आणि कारण रेघा नव्हे, ऊन.

उत्तरायुष्यात त्याचा हात साच्यात गेला, हे कबूल. पाण्यावर त्याच त्या वळणदार पांढऱ्या लाटा, एकीसारखी दुसरी. शेरे मारणाऱ्यांनी बहुधा हीच चित्रं पाहिली असावीत.

गुआर्दीचं धुरकट, राखाडी लगून, म्हणजे व्हेनिसभोवतीचं उथळ पाणी, मलाही आवडतं. पण चाळिशी उलटल्यावर तो शहरदृश्यांकडे वळला, तेव्हा कित्येक रचना त्याने कॅनालेत्तोच्याच चित्रांवरून आणि छापांवरून उचलल्या.