‘च’ काढायचा असतो, दुःख नाही: ‘सकारात्मक विचार’वाल्या मेसेजला उत्तर

गावातल्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मेसेज थोड्याफार फरकाने येऊन गेलेला असतो. उगवत्या सूर्याचा फोटो आणि त्यावर मजकूर: ‘टेन्शन परिस्थितीत नसते, विचारात असते. वाईट विचार मनातून काढून टाका. रोज सकाळी आरशासमोर २१ दिवस म्हणा, मी सुखी आहे, मी यशस्वी आहे. मानसोपचारवाले हेच सांगतात आणि पैसे घेतात. गोळ्यांची गरज नाही. पुढे पाठवा.’

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून बाकीचा मेसेजही खपून जातो. भावना नुसत्या घटनेतून येत नाहीत, घटनेविषयीच्या समजुतीतून येतात, हे एपिक्टेटस या ग्रीक तत्त्वज्ञाने फार पूर्वी सांगितलं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास त्यावर उपचारपद्धती उभी केली. मराठीत ती विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते. आपल्याकडे ती रुजवण्यात मुंबईच्या कि. मो. फडके यांचा वाटा मोठा. पण ही पद्धत आणि हा मेसेज यांचं नातं सरकी आणि ढेपेसारखं आहे. दोन्ही निघतात एकाच बोंडातून, पण ढेप पेरली तर उगवत नाही.

‘वाईट विचार काढून टाका’

काढून टाकता येत नाहीत. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना सांगितलं होतं की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. तो थांबेना, आणि दाबून ठेवल्यानंतर मोकळीक दिली तेव्हा आणखी जोराने आला. आरशासमोरच्या वाक्यांचं तर त्याहून वाईट. जोआन वुड आणि सहकाऱ्यांच्या २००९च्या अभ्यासात, स्वतःविषयी आधीच वाईट मत असलेल्यांनी स्वतःविषयीचं चांगलं वाक्य घोकलं तेव्हा त्यांना ते न घोकणाऱ्यांपेक्षा वाईट वाटलं. कारण साधं आहे. ‘मी यशस्वी आहे’ म्हटल्याबरोबर मन आतून विचारतं, मग घरासमोर कर्जवसुलीला सोसायटीचा माणूस काऊन उभा आहे?

विवेकनिष्ठ पद्धतीत गोड वाक्य चिकटवत नाहीत. एक विशिष्ट अक्षर शोधतात, आणि मराठीत ते फार सोपं जातं: ‘च’. समजा, पाच एकरवाला एक शेतकरी आहे. सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला, एकरी सहा-सात क्विंटलची आशा होती तिथे दोन झालं. गेले तीन आठवडे तो बाजेवर पडून आहे, वावरात जात नाही, सोसायटीचा सचिव दिसला की रस्ता बदलतो. त्याच्या मनातली वाक्यं वहीवर उतरवली तर बहुधा अशी निघतील:

‘इतकी मेहनत केली, पीक व्हायलाच पाहिजे होतं.’ ‘सगळं संपलंच आता.’ ‘हे सहनच होत नाही.’ ‘मी कामाचाच नाही राह्यलो.’

एलिस यांच्या मते पहिलं वाक्य मूळ, बाकी तीन त्याच्या फांद्या. म्हणून आधी त्यालाच हात घालतात, आणि तीन प्रश्नांनी. एक, पुरावा: मेहनत केली की पीक यायलाच हवं, असा पावसाशी आणि पांढऱ्या माशीशी करार कुठे झाला होता? दोन, तर्क: ‘यावं असं मनापासून वाटत होतं’ यावरून ‘यायलाच पाहिजे होतं’ हे निघतं का? तीन, उपयोग: हे वाक्य धरून ठेवल्याने तीन आठवड्यांत काय झालं? यातून जे नवं वाक्य तयार होतं ते असं: ‘पीक यावं अशी फार इच्छा होती. नाही आलं, हे वाईट झालं. पण ते यायलाच हवं असा नियम नव्हता. त्रास मोठा आहे, तरी मी तो सोसू शकतो. पीक बुडालं म्हणजे मी बुडालो असं नाही.’

यात ‘मी सुखी आहे’ कुठेच नाही. पीक बुडालेल्या माणसाला दुःख व्हायलाच हवं (हा ‘च’ चालतो). उपचाराचं उद्दिष्ट खिन्नता जाऊन दुःख उरणं, भीतीच्या जागी काळजी, अपराधीपणाच्या जागी पश्चात्ताप, हे असतं. दुःखी माणूस रडतो आणि उठून वावरात जातो. खिन्न माणूस उठत नाही. फरक भावनेच्या नावात नाही, हातपाय चालण्यात आहे.

चूक कुठे होते? शेजारी म्हणतात, ‘काकाजी, टेन्शन घेऊ नका, पुढच्या वर्षी चांगलं होईल.’ ही माया आहे, उपचार नाही. पुढच्या वर्षी चांगलं होईलच याची हमी कोणाकडेच नाही, आणि हे त्या माणसाला सांगणाऱ्यापेक्षा जास्त माहीत असतं. प्रशिक्षित समुपदेशक उलट विचारतो: ‘समजा पुढच्या वर्षीही नाही झालं, तर मग काय?’ ‘च’ गळून पडतो तो इथे. मात्र जीव नकोसा झाल्याचं बोलणाऱ्या माणसावर हा प्रश्न कोणी घरबसल्या आजमावू नये.

दुसरी चूक म्हणजे घाई. समुपदेशकाने पहिल्याच बैठकीत वाद घातला की समोरचा ‘हो, हो’ म्हणतो आणि पुन्हा येत नाही. डोक्याला पटलेलं पोटाला पटायला वेळ लागतो, आणि ते बोलून पटत नाही, करून पटतं.

‘टेन्शन परिस्थितीत नसते’

हे वाक्य विदर्भात पाठवायला जरा हिंमतच लागते. कर्ज खरं आहे, बोंडअळी खरी आहे, कापसाचा भाव खरा आहे. एलिस यांनीही घटना शून्य मानली नव्हती. घटना आणि समजूत मिळून परिणाम होतो असं त्यांचं म्हणणं. समजुतीवर भर यासाठी की दोघांपैकी आज हातात असलेली गोष्ट तीच.

मग आधी कर्ज की आधी मन? सहसा आधी मन, आणि त्यामागचं कारण अगदी व्यवहारी आहे. बाजेवर पडलेला माणूस पंचनाम्याच्या दिवशी तलाठ्यासमोर उभा राहत नाही. बँकेत जाऊन पीककर्जाच्या पुनर्गठनाचं विचारत नाही, कारण ‘साहेबाने नाही म्हटलं तर मी मेलोच’. मग बँकेऐवजी सावकाराकडे जातो, कारण तो रात्री घरी येतो आणि कोणाला दिसत नाही. लाज वाचते, व्याज चढतं. समजूत ढिली झाली की हाच माणूस त्याच कर्जाविषयी चार दारं ठोठावतो. पण म्हणून समुपदेशनाच्या नावाखाली भावाचा, सिंचनाचा, विम्याचा प्रश्न गुंडाळून ठेवणं ही लबाडी आहे. ‘विचार बदला’ हे वाक्य त्या लबाडीला फार सोयीचं पडतं.

‘२१ दिवस’

हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकातून पसरला. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, एवढंच त्याचं निरीक्षण होतं. ‘किमान’ वाटेत गळलं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात जेवणासोबत पाणी पिण्यासारख्या साध्या सवयी अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसामाणसात फरक १८ ते २५४ दिवसांचा.

‘मानसोपचारवाले हेच सांगतात’

ते वही काढायला सांगतात. चार रकाने: काय झालं, मनात कोणतं वाक्य आलं, काय वाटलं (० ते १०० पैकी किती) आणि मी काय केलं. आठवड्यातून दोन-तीन प्रसंग पुरतात. लिहिता येत नसेल तर मुलीला किंवा नातवाला सांगून लिहवून घ्यावं, किंवा मोबाईलवर बोलून ठेवावं.

मग गृहपाठ. ‘लोकाईले तोंड कसं दाखवू’ म्हणणाऱ्याला आठवडी बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर १५ मिनिटं बसायला सांगतात. पहिली काही मिनिटं छाती धडधडते, ७०वर असलेली भीती ८५वर जाते. इथेच बहुतेक जण उठतात, आणि नेमकं तेच घातक: मन शिकतं की ‘पळालो म्हणून वाचलो’. बसून राहिलं तर धडधड आपोआप उतरते. एलिस स्वतः १९ वर्षांचे असताना मुलींशी बोलायला घाबरत. त्यांनी बॉटॅनिकल गार्डनमध्ये एका महिन्यात शंभरेक जणींशी बोलायचा नेम केला. भेटायला येते म्हणाली ती एकच, आणि तीही आली नाही. पण भीती गेली.

हे शहरातल्या शिकलेल्यांचं काम आहे, असंही या मेसेजखाली कोणीतरी लिहितंच. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात, एलिस यांच्या पद्धतीच्या जवळची विचार-वर्तन पद्धत, आपल्या आशाताईंसारख्या आरोग्यसेविकांनी घरोघरी जाऊन नैराश्यातल्या गरोदर बायांसोबत वापरली. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी त्या गटात २३ टक्के बाया नैराश्यात होत्या. नुसत्या गृहभेटी मिळालेल्या गटात ५३ टक्के. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात गावातलेच कार्यकर्ते, समुपदेशक आणि डॉक्टर अशी साखळी बांधली. दीड वर्षात नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तुलनेसाठी वेगळी गावं नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पाला देता येत नाही; शिवाय ती विवेकनिष्ठ पद्धत नव्हती. पण गावातला माणूस बोलत नाही, ही समजूत त्याने खोटी पाडली.

‘गोळ्यांची गरज नाही’

सौम्य नैराश्यात बरेचदा खरंच नसते. पण झोप उडाली, भूक मेली, माणूस दोन आठवड्यांहून जास्त रोज दिवसभर तसाच असला, तर वहीचे रकाने भरायलाही ताकद उरत नाही. तिथे गोळी आधी आणि समजुतीशी वाद नंतर. गोळीचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून ती बंद करणं ही सगळ्यात नेहमीची चूक. बरं वाटल्यावरही ती साधारण सहा महिने चालू ठेवतात, आणि बंद करायची तर डॉक्टरांच्या सांगण्याने, हळूहळू.

‘माझ्याशिवाय घराचं बरं होईल’ असं कोणी बोललं, किंवा माणूस अचानक देणीघेणी उरकायला लागला, तर मेसेज पाठवू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा, मरणाचा विचार येतो का हे सरळ विचारा (विचारल्याने तो विचार मनात भरत नाही), फवारणीची औषधं घरातून हलवून कुलपात ठेवा, त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा सामान्य रुग्णालयात नेताना सोबत घरचं एक माणूस आणि चालू गोळ्यांची पाकिटं घ्या.