निबंध हवेत की फोन नंबर?

आज दुपारी एका संस्थेच्या व्यवस्थापकांचा फोन आला. परदेशात, विशेषतः रशियात, वैद्यकीय शिक्षणासाठी विद्यार्थी पाठवण्याचा त्यांचा व्यवसाय आहे, आणि बेळगावातल्या आमच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या रशियन निबंध स्पर्धेचा सगळा खर्च उचलायला ते तयार होते. सभागृहाचे भाडे, बक्षिसे, चहा-नाश्ता, परीक्षकांचा प्रवास, सगळे त्यांच्याकडे. मला आनंद झाला, कारण दरवर्षी वर्गणीसाठी कोणाकोणासमोर हात पसरावे लागतात हे ही पोस्ट वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना ठाऊक आहे; त्यांच्याचसमोर पसरलेले असतात. मग अटी आल्या. निबंध घरून लिहून पाठवायची मुभा द्यावी, म्हणजे प्रवेशिका वाढतील. विषय ‘रशियातील वैद्यकीय शिक्षणाच्या संधी’ हा असावा. निबंध इंग्रजीत असला तरी चालेल. (रशियन भाषेच्या निबंध स्पर्धेत!) भाग घेणाऱ्या प्रत्येकाला प्रमाणपत्र द्यावे, आणि प्रत्येकाचे नाव, पालकांचा व्यवसाय आणि दोघांचे मोबाइल नंबर यांची यादी त्यांच्याकडे द्यावी.

म्हणजे त्यांना निबंध नकोच होते, नंबर हवे होते.

मी नाही म्हटले आणि फोन ठेवला. संध्याकाळी समितीच्या बैठकीत हा प्रकार सांगितल्यावर सगळे माझ्याइतकेच चिडतील असे वाटले होते. पण एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, शांतपणे म्हणाले, “बाई, पैसे आयते येत होते. दोन-चार अटी मान्य केल्या असत्या तर काय बिघडले असते? शंभर प्रवेशिका आल्या असत्या, पेपरात फोटो आला असता.” आणि दोघांनी माना डोलावल्या. तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही, म्हणून हे लिहिते आहे.

काय बिघडले असते ते सांगते. गेल्या वर्षीच्या स्पर्धेत खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या पलीकडून येणारी एक मुलगी होती. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि शनिवारी महाविद्यालय सुटल्यावर टिळकवाडीत माझ्या वर्गाला यायची. आमच्या स्पर्धेचे नियम तुम्हाला माहीत आहेत. दोन तास वेळ, विषय सभागृहात बसल्यावरच कळणार, फोन दाराशी टोपलीत, छापील शब्दकोश सोबत चालेल, निबंध हाताने लिहायचा आणि नावाऐवजी चिठ्ठीवरचा क्रमांक घालायचा. गेल्या वर्षीचा विषय होता ‘माझा रोजचा रस्ता’. या मुलीने जेमतेम दीड पान लिहिले.

ज्यांनी रशियन शिकलेले नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या भाषेत नुसते ‘जाणे’ म्हणून भागत नाही. पायी जाण्याचे क्रियापद वेगळे, वाहनाने जाण्याचे वेगळे. शिवाय आत्ता एका दिशेने जाणे आणि रोज जाणे-येणे यांचीही क्रियापदे निरनिराळी. शिकणाऱ्याची त्यात त्रेधा उडते; वर्षानुवर्षे शिकलेली माणसेही चुकतात. या मुलीने घरापासून फाट्यापर्यंत पायी जाण्याचे क्रियापद वापरले आणि फाट्यावरून पुढे वाहनाचे. पावसाळ्याच्या परिच्छेदात मात्र वाहनाचे क्रियापद एकदाही नाही. सगळीकडे पायीचेच. बस बंद झाली असे तिने कुठेही लिहिले नव्हते. एवढेच लिहिले होते की नदी पुलावर आली. मी ते वाक्य वाचून चष्मा काढून ठेवला.

निबंधात चुका होत्या, अगदी ढीगभर होत्या, हे मान्य. घर या अर्थाचा रशियन शब्द पुल्लिंगी आहे. तिने तो नपुंसकलिंगी धरून त्याच्यामागची सगळी विशेषणे बिघडवली होती. आता मराठी मुलगी घर नपुंसकलिंगी धरणार नाही तर काय करणार? पण नदी तिने स्त्रीलिंगी धरली, पाऊस आणि पूल पुल्लिंगी, झाड नपुंसकलिंगी, आणि ही चारही रशियनमध्ये तशीच आहेत. तीन लिंगे, विभक्ती, भूतकाळात कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलणारे क्रियापद, हे सगळे आपल्या मुलांच्या कानात आधीपासून बसलेले असते. इंग्रजीतून रशियन शिकणाऱ्याला हे ओझे वाटते, आपल्या मुलांना ते ओळखीचे वाटते. हे मी वर्गात नेहमी सांगते आणि नेहमी कोणीतरी मला हसते.

एका परीक्षकांनी तिला शेवटून दुसरा क्रमांक दिला होता. त्यांच्या मते पहिला क्रमांक एका निर्दोष निबंधाला जायला हवा होता, ज्यात रोजच्या रस्त्यावरून सुरुवात होऊन दुसऱ्याच परिच्छेदात पुश्किन महान कवी असल्याचे आले होते. तो मुलगा हुशार आहे, त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही; पण रोजच्या रस्त्यावर त्याला एक खड्डासुद्धा दिसला नव्हता, आणि बेळगावच्या रस्त्यावर खड्डा न दिसणे ही कल्पनाशक्तीची कमाल आहे. बराच वेळ वाद झाला. शेवटी पहिला क्रमांक त्या मुलीला मिळाला, आणि त्यावरून काही मंडळी अजून माझ्यावर रुसलेली आहेत. रुसू देत.

घरून लिहून पाठवलेले निबंध कसे असतात ते आम्ही सुरुवातीच्या वर्षांत पाहिले आहे. त्या वेळी तीन-चार निबंध अगदी एकाच वाक्याने सुरू झाले होते की पुश्किनचा जन्म ६ जून १७९९ रोजी मॉस्कोत झाला. ६ जून हा दिवस रशियात आणि संयुक्त राष्ट्रांतही रशियन भाषा दिन म्हणून पाळला जातो, हेही सगळ्यांनी सारख्याच शब्दांत लिहिले होते. ती माहिती खरीच आहे. पण ती लिहायला विद्यार्थी कशाला हवा? आता तर फोनला सांगितले की फोन निबंध लिहून देतो, विभक्ती चुकत नाहीत, क्रियापदे चुकत नाहीत, आणि नदी पुलावरही येत नाही. (आम्ही स्वतः ६ जूनला स्पर्धा घेत नाही, कारण त्या दिवसांत परीक्षा असतात आणि खानापूरकडच्या मुलांच्या घरी भाताची पेरणी. दिवाळीनंतर घेतो.)

लोकांना वाटते की निबंध म्हणजे मोठे शब्द. परदेशी विद्यार्थ्यांच्या रशियनच्या अधिकृत परीक्षा असतात. त्यांच्या सर्वांत खालच्या पातळीला सुमारे ७८० शब्दांचा साठा धरतात, त्यापुढच्या पातळीला सुमारे १३०० आणि त्याच्याही पुढच्या पातळीला २३००. आमची बहुतेक मुले पहिल्या दोन पातळ्यांमध्ये असतात. हजारभर शब्दांत माणूस तत्त्वज्ञान सांगू शकत नाही. पण घरातून किती वाजता निघतो, वाटेत काय लागते, छत्री कोणाची असते, हे नक्की सांगू शकतो. शब्द कमी असले की मुलांना जे दिसले तेच लिहावे लागते, फुगवायला जागाच उरत नाही. मला ही स्पर्धा हवी आहे ती एवढ्याचसाठी.

पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेर शहराचा अफानासी निकितिन नावाचा व्यापारी आपल्याकडे आला होता. चौलला उतरला, पावसाळ्यात जुन्नरला अडकला, तिथून बिदरला गेला. त्याने विकायला आणलेला घोडा जुन्नरच्या खानाने हिसकावून घेतला आणि धर्म बदलण्याची अट घातली; पुढे तो परत मिळाला. निकितिन काही साहित्यिक नव्हता. त्याने लिहिले की इथे चार महिने दिवसरात्र सगळीकडे पाणी आणि चिखल असतो. एवढे साधे लिहिले म्हणूनच आज लोक ते वाचतात आणि रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. जुन्नर आज महाराष्ट्रात आणि बिदर कर्नाटकात. निकितिनला मधे कुठे सीमा लागली नाही, भाग्यवान माणूस.

सीमेचा विषय निघालाच आहे तर आपल्या माणसांनाही दोन शब्द सुनावते. “आधी मुलांना मराठी धड येऊ दे, मग रशियनचे बघू,” हे वाक्य मी दरवर्षी ऐकते, आणि बहुधा अशा माणसांकडून ऐकते ज्यांची नातवंडे इंग्रजी माध्यमात जातात. १९५६ साली बेळगाव आजच्या कर्नाटकात गेले तेव्हापासून आपण भाषेसाठी काय काय सोसले ते मला कोणी शिकवू नये, मी याच गावात लहानाची मोठी झाले आहे. आपली मुले घरी मराठी, गल्लीत कन्नड आणि हिंदी, वर्गात इंग्रजी बोलतात. त्यांना आणखी एक भाषा झेपत नाही असे म्हणणाऱ्याने एकदा गणपत गल्लीत भाजी घेऊन पाहावी. उलट, या गावात ज्या भाषेवरून कधी फलकाला काळे फासले गेले नाही किंवा बसवर दगड पडला नाही, अशी रशियन ही एखादीच भाषा असेल. आमच्या सभागृहात मराठी आणि कन्नड मुले शेजारी बसून एकच शब्दकोश चाळतात, आणि तिथे कोणालाच कोणाच्या भाषेची भीती वाटत नाही. अण्णाभाऊ साठे १९६१ साली रशियाला जाऊन आले, २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला, तेव्हा त्याचा फोटो आपण सगळ्यांनी अभिमानाने टाकला होता. त्या अभिमानातला थोडा वाटा शब्दकोशाच्या वर्गणीला दिला असता तर बरे झाले असते.

युद्धाचे काय, असेही काही मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे. १ मार्च २०२२ रोजी युक्रेनमधल्या खार्किवमध्ये मारला गेलेला वैद्यकीय विद्यार्थी कर्नाटकातल्याच हावेरी जिल्ह्यातला होता, आणि त्या आठवड्यात माझ्या वर्गात कोणी पुस्तक उघडले नाही. तेव्हा राजकारणाची बाजू घ्यायला मी ही स्पर्धा घेत नाही, आणि कोणाच्या दूतावासाची पाहुणी म्हणूनही घेत नाही. एवढेच सांगून हा मुद्दा सोडते.

आणि जी मुले वैद्यकीय शिक्षणासाठी तिकडे जातात त्यांच्यावर माझा राग नाही. इथे सरकारी जागा मिळत नाही, खासगी जागेचे शुल्क झेपत नाही, मग आई-बापांनी काय करावे? माझ्याकडे शिकलेली काही मुले तिकडे आहेत आणि दिवाळीला आठवणीने फोन करतात. पण आज त्या व्यवस्थापकांनी मला सांगितले की मुलांना रशियनची गरजच नसते, सगळा अभ्यासक्रम इंग्रजीत असतो. अभ्यासक्रम इंग्रजीत असला पाहिजे, तो किमान ५४ महिन्यांचा आणि वर बारा महिन्यांची इंटर्नशिप असली पाहिजे, हा आपल्याकडच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा २०२१ चा नियमच आहे. पण रुग्णालयातली म्हातारी इंग्रजीत कण्हत नाही. तिसऱ्या वर्षापासून रुग्णापुढे उभे राहावे लागते, आणि पोटात कधीपासून दुखते हे तिथे रशियनमध्येच विचारावे लागते. ज्या मुलांना तिकडे पाठवून तुम्ही पैसे मिळवता, त्यांना ही साधी गोष्ट अगोदर न सांगणे याला काय म्हणायचे?

त्यांच्या यादीत जांबोटीकडच्या त्या मुलीच्या आईचाही नंबर गेला असता. घरात तो एकच फोन आहे आणि त्याला आवाज लागायला अंगणात यावे लागते. त्या आईला रोज कोणीतरी फोन करून सांगणार की तुमची मुलगी हुशार आहे, तिला रशियन येते, तिकडे डॉक्टर होईल, जमिनीवर कर्ज मिळते. मी तिचा निबंध वाचला आहे, त्या जमिनीचा आकार मला माहीत आहे. ही यादी माझ्या हातून जाणार नाही. कोणाला ती द्यायची असेल तर त्यांनी स्वतंत्र स्पर्धा भरवावी, मी शुभेच्छांचा संदेशही पाठवीन.

अण्णांची एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागेल. सभागृहात येऊनच लिहायचे म्हटले की निपाणी, चिक्कोडीकडची मुले गळतात. त्यांचा येण्या-जाण्यात दिवस जातो आणि खर्च होतो. त्यावर उपाय घरून लिहिणे हा नव्हे. निपाणीत एखादी खोली आणि विश्वासाचे एक माणूस मिळाले तर त्याच दिवशी, त्याच वेळी तिथेही स्पर्धा घेता येईल. विषयाचे पाकीट घेऊन मी स्वतः कोणाला तरी पाठवीन.

तेव्हा आता कामाचे. स्पर्धा दिवाळीनंतरच्या एका रविवारी बेळगावातच होईल, सकाळी अकराला सुरू होऊन एकला संपेल, म्हणजे जांबोटी-खानापूरकडच्या मुलांना परतीची गाडी मिळते. साठ-सत्तर माणसे बसतील अशी जागा, बाके असलेली, कोणाच्या ओळखीत असेल तर कळवावे. लग्नाच्या हॉलमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर लिहिता येत नाही. रोख रकमेपेक्षा शब्दकोशांची गरज जास्त आहे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात माझ्याबरोबर रशियन शिकलेल्यांपैकी काही जण ही पोस्ट वाचणाऱ्यांत आहेत, आणि तेव्हा मॉस्कोहून येणारी जाडजूड स्वस्त पुस्तके आपण सगळ्यांनीच घेतली होती. माळ्यावर पडली असतील तर ती एका दिवसापुरती द्यावीत. आतल्या पानावर नाव लिहून ठेवा, संध्याकाळी घरपोच मिळतील. गेल्या वर्षी एका शब्दकोशाचा पुठ्ठा सुटला होता, तो शहापुरात बांधून घेतला आहे. ज्यांचा असेल त्यांनी घेऊन जावा.