आत्याच्या तारणाची तारीख विचारणाऱ्यांना

आज नगरला आत्याच्या घरी सांत्वनाची उपासना होती. माती देऊन आठवडाही झालेला नाही. पाळकसाहेब मोजकं आणि मनापासून बोलले, तिच्या आवडीची दोन गीतं झाली, मग चहा फिरला. तेवढ्यात एक ओळखीचे बंधू, हल्ली एका नव्या फेलोशिपमध्ये जातात, ताईच्या, म्हणजे आत्याच्या मुलीच्या, शेजारी येऊन बसले. हळू, अगदी मायेच्या आवाजात विचारलं, "आईंचा नवा जन्म झाला होता ना? तारण कधी झालं, तारीख वगैरे काही बोलल्या होत्या का?"

ताईने हातातला कप खाली ठेवला. म्हणाली, "आई लहानपणापासून चर्चमध्येच वाढली."

"ते आहेच हो. पण चर्चमध्ये जाणारे सगळेच काही तारलेले नसतात." एवढं बोलून ते उठले आणि दुसऱ्या घोळक्यात गेले.

मी तिथे काही बोलले नाही. मयताच्या घरात आवाज चढवायचा नाही ही आमच्याकडची रीत. पण पुण्याला परतताना सगळ्या वाटेने डोकं भणभणत होतं. आता लिहिते. लांबणार आहे, ज्यांना वाचायचंय त्यांनी वाचा.

माझ्या ख्रिस्ती नसलेल्या मित्रमैत्रिणींसाठी आधी थोडक्यात सांगते. तारण म्हणजे देवाने पापातून केलेली सुटका. आमच्याकडे नवा जन्म म्हणजे मेल्यानंतरचा जन्म नाही. याच देहात, याच आयुष्यात माणूस आतून नव्याने जन्मतो, देवाच्या आत्म्याने. येशूने हे निकदेमाला सांगितलं, बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, तिसऱ्या अध्यायात आहे. निकदेम परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला, यहूद्यांचा अधिकारी, शास्त्र शिकवणारा मोठा माणूस. रात्री येऊन येशूला भेटला. येशू त्याला म्हणाला, नव्याने जन्मल्यावाचून कुणालाही देवाचं राज्य पाहता येत नाही. निकदेम गोंधळला. म्हातारा माणूस पुन्हा आईच्या पोटात कसा जाईल, असं त्याने विचारलं. तेव्हा येशू वाऱ्याबद्दल बोलला: वारा पाहिजे तिकडे वाहतो, त्याचा आवाज ऐकू येतो, पण तो कुठून येतो, कुठे जातो ते तुला कळत नाही. आत्म्यापासून जन्मलेल्या प्रत्येकाचं असंच आहे.

कळत नाही, असं प्रभू स्वतः म्हणतो. आणि आमच्या बंधूंना तारीख पाहिजे, रेशनकार्डावर शिक्का असावा तशी.

माझ्या आत्याबद्दल सांगते. आत्याचे यजमान लवकर गेले. पदरात दोन लेकरं. तिच्या दिराने तीन एकराचं वावर कागदोपत्री स्वतःच्या नावावर करून घेतलं. कोर्टकचेरी झाली, हाती काही लागलं नाही. आत्याने एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम धरलं आणि पोरं वाढवली. दीर त्याच गावात, त्याच मंडळीत. रविवारी तो डावीकडच्या बाकावर, ही उजवीकडे. वर्षानुवर्षं तिने त्याच्याकडे मान वळवून पाहिलं नाही. आणि त्या सगळ्या वर्षांत तिने प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या मरणाच्या आठवणीत चर्चमध्ये वाटला जाणारा भाकर आणि प्याला, घेतलं नाही. भाकर आणि प्याला समोर आला की ती मान खाली घालून बसून राहायची. मी लहान होते, तिच्याशेजारी बसायचे, मला वाटायचं हिला आवडत नसेल. मोठी झाल्यावर विचारलं तेव्हा म्हणाली, "मनात वैर ठेवून त्या भाकरीला हात कसा लावू?"

पुढे दिराला अर्धांगवायू झाला. बायको आधीच गेलेली, मुलं पिंपरीला कारखान्यात. शेजारीपाजारी दोन-चार दिवस डबा देत राहिले आणि मग थांबले. एके दिवशी संध्याकाळी आत्या दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी पितळी वाटीत झाकून घेऊन निघाली. त्याच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. वाटी चुलीपाशी ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, आणि आत गेली. त्याच्या तोंडाची एक बाजू लुळी पडलेली, घास बाहेर यायचा. ती डाव्या हाताच्या अंगठ्याने त्याचा गाल आतून धरायची आणि उजव्या हाताने भरवायची. असं तिने तो जाईपर्यंत केलं. जमीन परत मिळाली नाही, तिने मागितलीही नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, अगं, ज्याने तुला रस्त्यावर आणलं त्याला भरवतेस? ती म्हणायची, "मंग काय उपाशी मारायचा का त्याला?"

त्यानंतर कधीतरी एका रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी तिने हात पुढे केला. कुठला रविवार, मला आठवत नाही. तिलाही आठवत नव्हतं. कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आता मला सांगा, हिचा नवा जन्म कधी झाला? ती दारातून आत गेली तेव्हा? दारातून परत आली आणि रात्रभर झोपली नाही तेव्हा? की ज्या वर्षांत ती भाकरीला हात लावत नव्हती, त्या वर्षांतच आत्मा तिच्यात काम करत होता? मला तर हेच वाटतं. जिला वैराची टोचणी लागते तिच्यात काहीतरी जिवंत असतंच.

आता तुमच्यातले काहीजण लगेच बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढतील. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे, कुणी बढाई मारू नये म्हणून. मान्य. शब्बाथशाळेत मीही ते वचन पाठ केलंय. दिराला भरवलं म्हणून आत्या तारली गेली असं मी म्हणतच नाही, आणि ती तर कधीच म्हणाली नसती. पण मग तुम्ही काय करताय? माणसाने सभेत उभं राहून, हातात माइक घेऊन, अमुक तारखेला मी प्रभूला हृदयात घेतलं असं नीट सांगता आलं पाहिजे, नाहीतर तुम्हाला शंका. म्हणजे बोलता येणं हेच कर्म झालं की! ज्याला चार लोकांत बोलता येतं तो तारलेला, आणि जी साक्षीसाठी उभी केली की "प्रभूची स्तुती असो" एवढंच म्हणून पदराने तोंड पुसत खाली बसते, तिच्याबद्दल चौकशी. कृपेचं नाव घ्यायचं आणि दारात परीक्षा ठेवायची, हे कुठलं शास्त्र?

तारखा असतात, हे मला माहीत आहे. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या पौलाला दिमिष्काच्या वाटेवर प्रकाश दिसला आणि तो जमिनीवर पडला. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीला २४ मे १७३८ रोजी, रात्री पावणेनऊच्या सुमारास, लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत मन ऊबदार झाल्याचं जाणवलं, आणि तो तोवर दहा वर्षं पाळक होता. आपल्या पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला, पण त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. केडगावला त्यांच्याच मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मुली रडून रडून पापं कबूल करत होत्या, प्रार्थनेत रात्री जागवत होत्या. तेही खरंच. आणि नुसत्या नावाचे ख्रिस्ती आपल्यात आहेत, नाताळ आणि पुनरुत्थानाच्या सणापुरते, हेही मी नाकारत नाही.

माझी स्वतःची तारीख आहे. कॉलेजात असताना पाचगणीच्या शिबिरात. माझ्या पवित्र शास्त्राच्या पहिल्या पानावर लिहिलेली आहे आणि ती रात्र खरी होती. त्या रात्री जे झालं त्याच्याशिवाय मी आज कुठे असते हे मला सांगता येणार नाही. घरी आल्यावर पहिल्यांदा मी आत्यालाच सांगितलं. तिने डोक्यावर हात ठेवला. "चांगलं झालं गं बाई. आता त्याला धरून राहा." तुझी नक्की खात्री आहे ना, असं तिने मला विचारलं नाही. तिला ते सुचलंसुद्धा नसतं.

पण सगळ्यांचं असं होत नाही. आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, पौल लिहितो की तुझ्यात आहे तो विश्वास आधी तुझी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता. तिथे ना प्रकाश, ना रडारड, ना तारीख. आजीकडून आईकडे, आईकडून लेकराकडे. नारायण वामन टिळकांना १८९३ साली राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका गोऱ्या माणसाने नवा करार दिला. बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ ला, मुंबईत. मधली वर्षं वाचनात, पत्रव्यवहारात आणि घालमेलीत गेली. आणि लक्ष्मीबाई? नवऱ्याने धर्म सोडला म्हणून जिच्यावर आभाळ कोसळलं, ती बाई काही वर्षांनी स्वतःच्या पायांनी चालत त्याच वाटेवर आली. त्यांच्या आठवणी वाचताना मला कुठे एक रेघ दिसत नाही, की इकडची लक्ष्मीबाई जुनी आणि इथून पुढची नवी. सोवळंओवळं गळून पडलं, माणसं जवळ आली, मग प्रभू. कुणी त्यांना तारीख विचारली असती तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं ते तुम्हीच ठरवा.

हे लिहीत असतानाच ताईचा फोन आला. ती अजून जागी आहे. सगळे गेल्यापासून आईचं पवित्र शास्त्र मांडीवर घेऊन पान पान उलटतेय. कुठेतरी आईने तारीख लिहिली असेल म्हणून शोधतेय. मला विचारते, "तुला काही बोलली होती का गं?" शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं, तेवढं तिने मला वाचून दाखवलं: "सकाळी पांढरी, रात्री अर्धी पिवळी." दिराच्या गोळ्या.

मला आता खरंच राग आवरत नाही. साठीला आलेली बाई, आईला माती देऊन आलेली, रात्री एकटी बसून आईच्या तारणाचा पुरावा शोधतेय. हे तुम्ही केलंत, बंधू. सुवार्ता म्हणजे आनंदाची बातमी ना? तुम्ही त्या घरात कसली बातमी देऊन आलात?

तुम्ही वाईट माणूस आहात असं मी म्हणत नाही. तुम्हाला काळजी असेल. व्यसनातून बाहेर पडताना तुम्हाला प्रभू एका दिवसात भेटला, तुम्ही ते शंभरदा सांगितलंय आणि ऐकताना मी स्वतः रडले आहे. ज्याला एका रात्रीत बाटली सोडता आली त्याला तारीख प्यारी असणारच. ती जपा. फक्त दुसऱ्याच्या मयताला ती लावून बघू नका.

आणि पुरावाच हवा असेल तर योहानाच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात तो दिलेला आहे. आपण मरणातून निघून जीवनात आलो आहोत हे आपल्याला ठाऊक आहे, कारण आपण बंधुजनांवर प्रीती करतो. हे वचन कुणी सभेत माझ्यासमोर फळ्यावर लिहिलं नाही. मी आत्याच्या अंगठ्यात पाहिलं. लुळ्या गालाच्या आत धरलेल्या.

निकदेमाचं तर तुम्ही पुढे वाचतच नाही. तिसऱ्या अध्यायात त्याला एवढं सगळं सांगितलं, पण तो त्या रात्री तारला गेला की नाही, योहान एक शब्द लिहित नाही. सातव्या अध्यायात तो अधिकाऱ्यांच्या बैठकीत घाबरत घाबरत एवढंच म्हणतो की माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय आपलं नियमशास्त्र त्याला दोषी ठरवतं का? तर ते त्याच्यावरच उलटतात, तूही गालीलातला का? आणि एकोणिसाव्या अध्यायात, बरेचसे शिष्य पळून गेलेले असताना, हा म्हातारा देहाला लावायचे सुगंधी पदार्थ, गंधरस आणि अगरू, घेऊन येतो, आजच्या हिशेबाने तीस किलोच्या वर, आणि प्रभूच्या देहाला कापडात गुंडाळायला हात लावतो. ज्याला नव्या जन्माचं वचन पहिल्यांदा सांगितलं गेलं त्याच्या नव्या जन्माची तारीख पवित्र शास्त्रात नाही. तुमच्या सभेत त्याला साक्ष द्यायला उभं केलं असतं तर तो नापास झाला असता.

वेगवेगळ्या पंथांची मंडळी एकत्र येऊन आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला झाली तेव्हा लेकरांना बाप्तिस्मा देणारे आणि मोठेपणी विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा देणारे, दोघं एका छपराखाली आले. त्या वडीलधाऱ्यांना नवा जन्म कळत नव्हता का? त्यांनी बरंच भांडूनच हे ठरवलं असणार. पण कुणाचं नाव जीवनाच्या पुस्तकात, म्हणजे देवाकडच्या तारलेल्यांच्या यादीत, आहे हे तपासायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं नाही. ते पुस्तक आपल्या हातात दिलेलंच नाही.

ताईला मी सांगितलं, शास्त्र मिट आणि झोप. ती झोपली नसणार.

उद्या सकाळी मी त्या बंधूंना फोन करणार आहे. नाव इथे लिहिणार नाही, कुणी कमेंटमध्ये अंदाजही करू नका. त्यांनी ताईकडे पुन्हा जावं, बसावं आणि तिची आई कशी होती ते विचारावं, एवढीच विनंती करणार आहे. आणि पाळकसाहेबांकडे लेखी अर्ज देणार आहे: सांत्वनाच्या घरी मयताच्या तारणाची विचारपूस कुणीही करणार नाही, हे चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी बैठकीत ठरवून रविवारी उपासनेत जाहीर करावं. आपल्या मंडळीतले जे पंच हे वाचत असतील त्यांनी विषय घ्यावा. ज्यांना सही करायची असेल त्यांनी मला मेसेज करा, अर्ज शनिवारपर्यंत माझ्याकडे आहे.